टोकियोला न जाता: नारिता गावातली एक रात्र

सॅन फ्रान्सिस्कोहून नारितामार्गे मुंबईला यायचं म्हणजे वाटेत एक रात्र जपानमध्ये जाते. तिकडचं विमान नारिताला दुपारी उतरतं आणि मुंबईचं दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतं. मध्यरात्र उलटली की सकाळी सहापर्यंत या विमानतळावर विमानांची ये-जा बंद असते. धावपट्ट्यांच्या आजूबाजूला वस्ती आहे, तिथल्या लोकांच्या झोपेसाठी हा नियम आहे. त्यामुळे रात्रीचं विमान पकडून पुढे सटकता येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण विमानतळावरच्या खुर्चीत रात्र काढतात, नाहीतर टोकियोला धावतात. माझं मत स्पष्ट आहे: हातात वीसेक तास असतील तर टोकियोचा विचार सोडा आणि नारिता गावात राहा. टोकियो इथून साठ किलोमीटरवर आहे. स्कायलायनर गाडी टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला चाळीस मिनिटांच्या आत पोचवते हे खरं, पण इमिग्रेशनची रांग, स्टेशनातली पायपीट, हॉटेल शोधणं आणि सकाळी पुन्हा तेच उलट्या दिशेने, यात शहर दिसायचं राहूनच जातं. नोव्हेंबरात तर साडेचारलाच सूर्य मावळतो. नारिता गाव मात्र रेल्वेने दहा मिनिटांवर आहे. विमानतळ १९७८ साली सुरू झाला. गावातलं शिन्शोजी हे बौद्ध देऊळ इसवी सन ९४० मधलं आहे.

भावाकडे अमेरिकेत फ्रीमाँटला दिवाळी करून आई आणि मी नोव्हेंबरच्या शेवटी परतत होतो. आईने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, पण नवी जागा म्हटली की ती माझ्या पुढे असते.

व्हिसाचं आधी सांगते. विमानतळाबाहेर पडायचं तर भारतीय पासपोर्टवर जपानचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा असला तरी त्यातून सूट नाही. भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. तो मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पाऊल टाकावं लागतं, म्हणून अमेरिकेतला मुक्काम मोठा असेल तर तारखांचा हिशेब आधी करा. ई-व्हिसा विमानतळावर फोनच्या पडद्यावर, इंटरनेट चालू ठेवून दाखवायचा असतो. छापील कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. व्हिजिट जपान वेब या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोड घेऊन ठेवला की पुढचं काम भराभर होतं.

सोमवार, दुपार

रविवारी सकाळी निघालो आणि सोमवारी दुपारी उतरलो. मध्ये रात्र अशी झालीच नाही, खिडकीबाहेर सगळा वेळ ऊनच होतं. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यावर एक दिवस गळतो हे आईला ठाऊक होतं, पण तिची अडचण वेगळी होती. ती सोमवार पाळते, त्या दिवशी मासे-मटण नाही. मी म्हटलं, "आई, फ्रीमाँटला अजून रविवारच आहे." आमच्या घरात मालवणीच चालते. ती म्हणाली, "जंय आसंव थंयचो वार धरूचो." विषय संपला.

बोटांचे ठसे, फोटो, शिक्का. मोठ्या बॅगा थेट मुंबईपर्यंत गेल्या होत्या. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर चेक-इनच्या वेळी हे नक्की विचारा, आणि रात्रीचे कपडे, औषधं, एक उबदार स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. फ्रीमाँटहून आणलेली सफरचंदं विमानातच खाऊन संपवली होती. जपानमध्ये ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ असे सहज नेऊ देत नाहीत.

रेल्वेचं एक नीट लक्षात ठेवा. स्कायलायनर नारिता गावाला थांबत नाही, ती वेगळ्याच मार्गाने टोकियोला जाते. गावासाठी केइसेई या रेल्वे कंपनीच्या मुख्य मार्गाची साधी गाडी घ्यायची आणि केइसेई-नारिता स्टेशनवर उतरायचं. तिकीट तीनशे येनच्या आत. जेआर या दुसऱ्या रेल्वे कंपनीचीही गाडी आहे, पण तिच्या फेऱ्या कमी. दोनच छोटे प्रवास करायचे तर रेल्वेच्या प्रीपेड कार्डाच्या भानगडीत पडायला नको, यंत्रात नाणी टाकून तिकीट काढलं की झालं.

स्टेशनजवळच्या हॉटेलात पिशव्या टाकल्या आणि लगेच बाहेर पडलो, कारण इथली दुकानं पाचच्या सुमारास आवरायला लागतात.

स्टेशनपासून देवळापर्यंतचा रस्ता म्हणजे ओमोतेसान्दो. लांबी साधारण आठशे मीटर. सुरुवातीला साधा बाजाररस्ता वाटतो, मग तो वळतो, उताराला लागतो आणि दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं सुरू होतात. एडोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या काळापासून लोक पायी इथे यायचे, त्यांच्या मुक्कामाच्या धर्मशाळा आणि खाणावळी या रस्त्यावर होत्या. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातला नट, पहिला इचिकावा दान्जूरो, इथल्या देवाला नवस बोलला आणि त्याला मुलगा झाला, असं सांगतात. तेव्हापासून त्या घराण्याचं रंगभूमीवरचं नाव 'नारिताया'. आजही दान्जूरो रंगमंचावर आला की प्रेक्षकांतून त्या नावाची आरोळी येते.

आता या रस्त्याची खरी ओळख, उनागी, म्हणजे गोड्या पाण्यातली वाम. जवळच्या तोने नदीतून आणि इन्बा तळ्यातून ती मुबलक मिळायची, यात्रेकरू थकून यायचे, त्यांना ताकदीचं जेवण म्हणून ती वाढली जायची. आज या भागात उनागी वाढणारी पुष्कळ दुकानं आहेत. १९१० पासूनचं कावातोयो त्यातलं प्रसिद्ध. तिथे रस्त्यावरूनच दिसतं असं एक लांब लाकडी पाट मांडून कारागीर बसलेले असतात.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मालवणात बाजारात वाम कापताना लहानपणापासून पाहिली आहे, पण हे हात वेगळे होते. एका माणसाने बादलीतून जिवंत वाम उचलली, डोक्याजवळ टोचा मारून ती पाटाला पक्की केली आणि आखूड, जाड सुरीने मानेपासून शेपटीपर्यंत पाठीकडून एकाच ओढीत उघडली. मग सुरी आडवी करून काटा सलग काढला. पुढची वाम. मध्ये एकदाही त्याने मान वर केली नाही. इथे कान्तो भागात, म्हणजे टोकियोच्या बाजूला, पाठीकडून चिरतात, ओसाकाकडे पोटाकडून. सामुराईंच्या, म्हणजे योद्ध्यांच्या, गावात पोट चिरणं म्हणजे हाराकिरी, म्हणून अशुभ, म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. इथे वाम आधी भाजतात, मग वाफवतात, मग सोया सॉसच्या गोडसर रसात बुडवून पुन्हा कोळशावर भाजतात. त्यामुळे कालथा न लावताही तुटेल इतकी ती मऊ होते.

दारातल्या बाईंना मी खुणेने विचारलं, दोघी बसलो आणि एकटीच जेवले तर चालेल का? त्यांनी मान डोलावून आत घेतलं. आईपुढे गरम चहा आला, आणि मागून नुसता पांढरा भात आणि लोणचं. माझ्यापुढे लाखेच्या काळ्या पेटीत भात, त्यावर वाम, शेजारी तिच्या काळजाचं सूप. किंमत चार हजार येनच्या आसपास, म्हणजे स्वस्त अजिबात नाही. पण एकदाच खायचं असेल तर ते हेच खा.

पेटीबरोबर लाकडाची छोटी डबी होती, आत हिरवट पूड. मी ती वामीवर भुरभुरली आणि आईची मान वर झाली. तिने डबी ओढून घेतली, नाकाशी धरली, चिमूटभर जिभेवर ठेवली. "गो, ह्यां तिरफळ मां!"

सान्शो म्हणतात तिला. तिरफळ आणि सान्शो सख्ख्या बहिणी नसल्या तरी एकाच वंशातल्या वनस्पती, झँथोझायलम. सान्शोचा वास लिंबाकडे जास्त झुकतो, तिरफळासारखा जंगली नाही, पण जीभ झिणझिणते ती तशीच. बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून घालणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. मला आश्चर्य याचं वाटलं की दोन्हीकडे लोकांनी तेलकट माशासाठीच हे फळ निवडलं. आईने आपल्या भातावरही थोडी पूड घेतली आणि लोणच्याबरोबर तो भात संपवला. जाताना त्या बाईंना तिने हात जोडले, त्यांनी कंबरेतून वाकून उत्तर दिलं.

सोमवार, रात्र

बाहेर आलो तर दुकानांच्या फळ्या लागत होत्या. एक उघडं होतं, भुईमुगाच्या शेंगांचं. नारिता ज्या चिबा प्रांतात येतं, तिथे जपानमधला बहुतेक भुईमूग पिकतो, आणि जवळचं याचिमाता गाव तर त्याच्यासाठीच ओळखलं जातं. दुकानदार आजी आईच्याच वयाच्या. त्यांनी भाजलेली शेंग पुढे केली, आईने ती अंगठ्याने फोडली, दाणा चोळून साल उडवली, खाल्ला आणि 'छान' अशी खूण केली. मग आईने हवेत पातेलं, पाणी, मीठ असं दाखवलं: उकडता का? आजी हसत आत गेल्या आणि उकडलेल्या शेंगांचं पाकीट घेऊन आल्या. चिबात ताज्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात, अगदी आपल्याकडे खातात तशाच. दोघींचा हा सगळा व्यवहार एका शब्दाशिवाय झाला. आम्ही भाजलेल्या शेंगांची दोन पाकिटं घेतली.

शुद्ध शाकाहारी मंडळींसाठी: जपानमध्ये भाजीच्या पदार्थातही बहुधा माशाचा अर्क असतो. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात. सोमवार पाळणाऱ्या आईने तेवढं चालवून घेतलं नाही, त्यामुळे मला शोधावं लागलं. यातून जे निभावलं ते असं. रस्त्यावर मिळणारं योकान, म्हणजे लाल चवळीसारख्या आझुकीच्या दाण्यांची साखर घालून अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या चिकावर, जमवलेली वडी. त्यात प्राण्यांचं काही नसतं. नारिताचं चेस्टनट घातलेलं योकान नावाजलेलं आहे, ते घरीही आणता येतं. कॉम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, भरलेले भाताचे गोळे मिळतात. घटक मात्र फोनवर भाषांतर करून वाचा. आणि थंडीच्या दिवसांत दुकानाच्या दाराशीच गरम पेटीत भाजलेली रताळी ठेवलेली असतात. आईने एक घेतलं. सालाला मधासारखा रस सुटून करपलेला, आत केशरी-पिवळा गर. तिने ते हॉटेलच्या खोलीत खिडकीशी बसून सालासकट खाल्लं. पथ्य कडक असेल तर दशम्या आणि कोरडी चटणी सोबत ठेवा.

मंगळवार, पहाट

वेळांतला फरक आपल्याला इथे मदत करतो. अमेरिकेहून आलेल्याला पहाटे तीनलाच जाग येते. आम्ही साडेपाचला कपडे करून तयार होतो. शिन्शोजी देवळातला पहिला गोमा, म्हणजे अग्निपूजेचा विधी, त्या दिवसांत सहाला असतो. ऋतूप्रमाणे वेळ बदलते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा. पुढचे विधी दिवसभर ठरावीक वेळी होत राहतात, त्यामुळे दिवसा थांबणाऱ्यांनाही हा चुकत नाही. पाहायला पैसे लागत नाहीत.

अंधारात ओमोतेसान्दो पूर्ण रिकामा होता. बोचरी थंडी, तोंडातून वाफ. मोठी वेस, मग दगडी पायऱ्यांची उभी चढण आणि मध्ये निओमोन दरवाजा. पायऱ्यांना कठडा आहे, आई सावकाश चढली.

मुख्य मंडप १९६८ सालचा, भला मोठा. बूट काढून पिशवीत घ्यायचे आणि तातामीवर, म्हणजे जाड चटईवर, बसायचं. ऑफिसचा कोट घातलेले दोघे, एक म्हातारं जोडपं, बाळाला घेऊन आलेली आई, असे मोजके लोक होते. पुजारी रांगेने आले. मग ढोल वाजला. एवढा मोठा ढोल बंद जागेत वाजला की आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. मंत्र सुरू झाले, मुख्य पुजाऱ्याने वेदीवर लाकडाच्या कांड्या रचल्या, पळीने तेल घातलं आणि ज्वाळा उभी राहिली.

आई सरळ बसली. गणेशयागापासून वास्तुशांतीपर्यंत तिने पुष्कळ होम पाहिले आहेत. ती हलकेच म्हणाली, "समिधा, पळी, सगळां तसांच." होय, तसंच आहे, कारण हा आपल्याकडचाच विधी आहे. भारतातून तो चीनमध्ये गेला, तिथे कूकाई नावाच्या जपानी भिक्षूने ८०४ साली जाऊन तो शिकून घेतला आणि दोन वर्षांनी परत आणला. कूकाईला संस्कृत शिकवणारा प्रज्ञ नावाचा भिक्षू आपल्या नालंदात शिकलेला होता. इथला देव फुदो म्योओ म्हणजे संस्कृतातला अचल, एक बौद्ध देव: उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश, पाठीमागे ज्वाळा. ही मूर्ती कूकाईनेच कोरली अशी श्रद्धा आहे. ९३९ मध्ये तायरा नो मासाकादो या सरदाराचं बंड झालं तेव्हा कान्चो नावाचा भिक्षू ती क्योतोहून समुद्रमार्गे इथे घेऊन आला, आणि एकवीस दिवस अग्निपूजा केली. बंड मोडलं, पण मूर्ती जागची हलेना, म्हणून देऊळ इथेच झालं, ही देवळाची कथा.

शेवटी लोक आपापल्या पिशव्या, पर्सेस घेऊन पुढे गेले. पुजारी त्या हातात घेऊन ज्वाळेवर धरतात आणि परत देतात. आई उठली, रांगेत उभी राहिली आणि आपली पर्स पुढे केली. त्यात दोघींचे पासपोर्ट होते. माझा श्वास क्षणभर अडकला, पण पर्स नुसती कोमट होऊन परत आली. आईने ती कपाळाला लावली. आतमध्ये फोटो काढायचे नाहीत, हे पाळा.

बाहेर आलो तेव्हा उजाडलं होतं. मंडपाच्या समोरच १७१२ सालचा तीन मजली पॅगोडा आहे. दुरून लाल दिसतो, पण जवळ जाऊन छपराच्या खालून वर पाहा: प्रत्येक थरावर ढगांची आणि पाण्याची रंगीत नक्षी आहे. मागे उतरत गेलं की बाग लागते, १६५,००० चौरस मीटरची. एका तळ्याला मंजुश्री या बोधिसत्त्वाचं नाव आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इथले मेपल रंगतात. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य झाडांच्या मागून येत होता आणि एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, लालभडक, तिन्ही पानं होती. रस्ता झाडणाऱ्या काकांनी झाडू थांबवून आईला खाली पडलेलं एक अखंड पान निवडून दिलं. तिने ते पासबुकात ठेवलं.

बागेत पायऱ्या आणि चढ आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर वरचा पॅगोडाकडचा भाग पाहून मागे फिरा. देऊळ आणि बाग मिळून दोन तास पुरतात.

मंगळवार, सकाळ

नाश्ता करून नऊच्या आत विमानतळावर परत. मुंबईचं विमान टर्मिनल एकवरून होतं. तिथे पाचव्या मजल्यावर प्रेक्षकांसाठी उघडी गच्ची आहे, सुरक्षा तपासणीच्या अलीकडे, फुकट. अर्धा तास हाताशी असेल तर जाऊन या.

तिथून विमानं बघताना मला या जमिनीचा इतिहास आठवत होता. १९६६ साली सरकारने इथल्या शेतकऱ्यांना न विचारता विमानतळ जाहीर केला. इथल्या सान्रिझुका भागातले शेतकरी आणि त्यांच्या बाजूने आलेले विद्यार्थी वर्षानुवर्षं लढले, दोन्हीकडची माणसं मेली. १९७८ च्या मार्चमध्ये आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये घुसून यंत्रं फोडली, त्यामुळे मार्चअखेर ठरलेलं उद्घाटन २० मेपर्यंत पुढे गेलं. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये सुरू झाली तीही ठरल्यापेक्षा आखूड, कारण काही शेतकऱ्यांनी जमीन दिली नव्हती. टर्मिनलच्या झगमगाटात यातलं काही दिसत नाही. आदल्या दिवशी उतरताना धावपट्टीच्या अगदी कडेपर्यंत आलेले शेतांचे चौकोन आईने खिडकीतून पाहिले होते आणि मला विचारलं होतं, इतक्या आवाजात ही माणसं राहतात कशी? आता तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ कठड्याशी उभी होती. ज्यांना यात रस आहे त्यांच्यासाठी विमानतळाजवळ शिबायामा इथे या संघर्षाचं छोटं संग्रहालय आहे. तासांची चैन असेल तर तिकडे जरूर जा.

तपासणीच्या आधी एक सूचना: पाणी असलेली लोणची, सॉस वगैरे हातातल्या पिशवीत घेऊ नका, तिथे काढून ठेवावी लागतात. योकान आणि शेंगा आमच्या सुखरूप पार झाल्या.

गेटकडे जाताना जेवणाच्या डब्यांचं दुकान लागलं. आई काचेपाशी थांबली आणि बोट ठेवलं: भातावर वाम. "आज मंगळवार," ती म्हणाली. आम्ही तो डबा घेतला, सोबत सान्शोची पुडी होतीच. तिने अर्धी पुडी वर घातली, अर्धी घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि चार घास खाऊन सांगितलं की वाम बरी आहे, पण रसात साखर जरा जास्तच झाली.